पुढची ओळ

१० जानेवारी

धाकटे,

तुझं पत्र मिळालं. खोकला गेला म्हणतेस, पण तू नेहमीच असं म्हणतेस, म्हणून मी ते अर्धंच खरं धरलं आहे. छातीला शेक घे. खिडकी लावून झोप. आणि स्टोव्ह विझला की नाही ते हात जवळ नेऊन बघत जा, नुसतं लांबून बघू नकोस.

इथली बातमी अशी की मी वाचक मंडळात जायला लागलो. हसू नकोस. चौथीत शाळा सुटलेल्या माणसाने तिथे काय करायचं, असं मलाही वाटलं. पण खाली सायकलच्या दुकानामागे एक रिकामी खोली आहे, तिथे रविवारी दुपारी जमून आपल्या मिशीवाल्या लेखकांच्या सगळ्या कादंबऱ्या पहिल्यापासून पुन्हा वाचायच्या, असं निवृत्त मास्तरांनी ठरवलं. मिशीवाल्यांचं नाव निघाल्यावर मला राहवेना. तू भट्टीजवळ पोत्यावर बसून वाचायचीस आणि ऐकता ऐकता मी भाता ओढायचा विसरायचो. मग बाबांचा तापलेला चिमटा पाठीत बसायचा. तो डाग अजून आहे. त्या पानावर काय चाललं होतं तेही आठवतं. पुलावर भाऊ भावाचा गळा आवळत होता.

मास्तरांची पद्धत अशी की एकट्याने वाचायचं नाही. पात्रं वाटून घ्यायची आणि ज्याने त्याने आपल्या पात्राचं बोलणं मोठ्याने म्हणायचं. घरून पाठ करून यायचं. अडखळलं की मास्तर टेबलावर पट्टी आपटतात.

पुलाची कादंबरी संपली त्या दिवशी मारामारी झाली. मंडळातला एक चष्मेवाला म्हणाला, धाकट्या भावाने केलं ते बरोबर केलं. मास्तर म्हणाले, "खून तो खून." चष्मेवाला म्हणाला, "तुम्हाला भाऊ नाही, म्हणून सुचतं हे." मास्तरांनी पट्टी उगारली. चष्मेवाल्याने ती हिसकावून त्यांच्याच तोंडावर हाणली. समोरचा दात गेला. रक्त वहीवर पडलं. मास्तरांनी दात रुमालात बांधला आणि म्हणाले, "पुढच्या वेळेपासून खाणवाली कादंबरी. पात्रं लिहून घ्या."

खाणवालीतला बायकोला मारणारा मुकादम माझ्या वाट्याला आला आहे. मी म्हटलं, मला जमणार नाही. मास्तर म्हणाले, "जन्मभर घण मारलात ना? मग झालं." मुकादमीण कोण, तर माझ्या भिंतीपलीकडची शिवणवाली. कपडे शिवून घर चालवते. नवरा गिरणीत फिटर आहे. ती स्वतः गुणी पोरगी आहे, मला काका म्हणते. मुकादम मुकादमिणीला जीव जाईपर्यंत मारतो ते प्रकरण शेवटी आहे, पण तिचं दोन पानांचं बोलणं आत्तापासून पाठ करा म्हणून मास्तरांनी बजावलं आहे.

मला त्या पानांची आत्तापासूनच धास्ती आहे. तुझी प्रत काढ आणि तिकडे तूही वाच, म्हणजे मला धीर येईल.

तुझा दादा

१९ जानेवारी

दादा,

खोकला खरंच गेला. शेक घेतला, खिडकी लावली, स्टोव्ह हात जवळ नेऊन बघितला आणि बोट भाजून घेतलं. झालं समाधान?

तू मुकादम! उंदीर पिंजऱ्यात सापडला की पिंजरा घेऊन दोन गल्ल्या चालत जाऊन सोडून येणारा माणूस तू. मास्तरांचा दात पडला तेव्हा नजरही पडली असावी. आणि शिवणवालीचं फार कौतुक लिहिलं आहेस. या वयात नवीन सदरा शिवायला टाकू नकोस म्हणजे झालं.

माझी प्रत आहे. तीच, भट्टीवरची, कडा जळलेली. पण खाणवाली मला पुन्हा वाचायची नाही. पुलाची वाचेन, नदीपारची वाचेन, म्हणशील ती वाचेन. ती नको.

हे जाऊन दोन वर्षं होतील आता. घर शांत आहे. दवाखान्यात बरोबर काम केलेल्या जुन्या मैत्रिणी अधूनमधून येतात. भिंतीवर ह्यांचा फोटो आहे, त्याच्यावरची धूळ मी पुसत नाही, मोलकरीण पुसते.

धाकटी

२ फेब्रुवारी

धाकटे,

माझी फार शोभा झाली. ऐक.

मंगळवारी दुपारी मी भाजी चिरत होतो. पलीकडून बाईचा आवाज आला, "मार. थांबू नकोस. कुऱ्हाड घे, पहार घे." माझ्या हातातला कांदा खाली पडला. मी चाकू तसाच हातात घेऊन पळत गेलो आणि त्यांचं दार बडवलं. दार उघडलं तर शिवणवाली हातात पुस्तक घेऊन उभी आणि फिटर खुर्चीवर बसून चहा पितोय. ती मुकादमिणीचं बोलणं पाठ करत होती. माझ्या हातातला चाकू पाहून फिटर एवढा हसला की त्याच्या नाकातून चहा आला. "काका, मला मारायला आलात की मुकादमाला?" मग त्याने मलाही चहा दिला. बशीत ओतून दिला. माणूस आदबशीर आहे. पण जाताना दारात म्हणाला, "काका, तिथे तुम्ही माझ्या बायकोला काय काय म्हणता हो? तीही तुम्हाला उत्तर देते म्हणे." मी म्हटलं, पुस्तकात आहे तेवढंच. तो म्हणाला, "असेल. पुस्तकात काय, काहीही असतं."

रविवारपर्यंत सगळ्या मजल्याला कळलं होतं. चष्मेवाला मला हवालदार म्हणतो. मास्तरही म्हणतात, दात नसल्यामुळे 'हवालदाल' ऐकू येतं. नळावरच्या बायका मला बघून पदर तोंडाला लावतात. आता भिंतीपलीकडे तोफा डागल्या तरी मी उठणार नाही.

तिचं बोलणं मात्र छान होतं. "दगड फोडताना दगडाकडे बघतोस ना? मग मारताना माझ्याकडे बघ." ही ओळ ती म्हणते तेव्हा अंगावर काटा येतो. लहानपणी हीच पानं तू तोंडपाठ म्हणायचीस, बाबाही भट्टी सोडून ऐकायचे. मग आताच नको का झाली? तब्येत बरी आहे ना? काही लपवत तर नाहीस?

दादा

११ फेब्रुवारी

दादा,

तुझ्या पत्रानंतर वाचली. एका बैठकीत वाचली आणि पुस्तक भिंतीवर फेकून मारलं. पाठीचा पुठ्ठा सुटला आहे.

मिशीवाल्यांवर आपण दोघांनी जीव टाकला, पण इथे त्यांनी खोटं लिहिलं आहे. नवरा लोखंडी दिव्याने मारतोय आणि बाई दोन पानं बोलतेय. एकही वाक्य तुटत नाही. मार खाणारी बाई असं बोलत नाही, दादा. ती आधी हातातली ताटली बाजूला ठेवते, आवाज होऊ नये म्हणून. मग तोंड मिटते. दात जिभेत रुततात तरी मिटलेलं ठेवते, कारण भिंतीपलीकडे माणसं असतात आणि सकाळी त्यांच्याच बरोबर नळावर उभं राहायचं असतं. केस धरून डोकं चौकटीवर आपटलं की कानात शिटी वाजते, ती बराच वेळ थांबत नाही. त्यात बोलणं कुठून सुचणार? ती बघते फक्त. त्याच्या चपलेकडे, पलंगाच्या पायाकडे, जे काय समोर येईल त्याकडे. शेवटी तो दमतो आणि पाणी मागतो. आणि ती देते.

बाई ओरडते तोवर तिच्या अंगात जीव असतो. ती गप्प झाली की घाबरायचं.

हे मला एका बाईने सांगितलं आहे. मिशीवाल्यांना कुणी सांगितलं नसावं.

तुझी फजिती वाचून मात्र हसले. चाकू घेऊन गेलास, निदान कांदा तरी बरोबर न्यायचास.

धाकटी

२० फेब्रुवारी

धाकटे,

तुझ्या पत्राचा मला राग आला. मिशीवाल्यांना खोटं म्हणायचं म्हणजे फार झालं. दवाखान्यात तुझ्याकडे तशा बायका यायच्या, त्यातल्या कुणीतरी सांगितलं असेल, पण ती एक बाई झाली. मुकादमीण खाणीत वाढलेली, तिची छाती वेगळी. मी हे मंडळात बोललो, तर शिवणवाली म्हणाली, "तुमच्या बहिणीला एकदा भेटायला हवं, काका." आणि मान खाली घालून शिवणीचा दोरा तोडत बसली.

तिच्या पाठांतराचं मात्र काही खरं नाही. पूर्वी खणखणीत म्हणायची, आता सुरुवात करते आणि मध्येच गप्प होते. फिटर दुपारच्या पाळीवरून येतो तेव्हाच हे होतं. तिला तो आग्रह करतो, मला स्पष्ट ऐकू येतं, "बोल ना आता. तिथे बोलतेस तसं बोल." नवऱ्याने बायकोच्या वाचनात इतका रस घेतलेला मी तरी पाहिला नाही. मग खुर्ची पडते, मशीन सरकतं. बहुतेक तो मुकादमाची हालचाल करून दाखवत असावा. पण हिला पुढचं आठवतच नाही. बराच वेळ सामसूम, मग मोरीत पाणी सोडल्याचा आवाज.

मला तिची दया आली. रविवारी मास्तर सगळ्यांसमोर पट्टी आपटणार. म्हणून काल ती अशीच गप्प झाली तेव्हा मी पुस्तक घेऊन भिंतीशी गेलो, ओळीवर बोट ठेवलं आणि मोठ्याने पुढची ओळ सांगितली. "मारताना माझ्याकडे बघ!"  मग फिटर हसला. मग काहीतरी जोरात आपटलं, माझ्या फळीवरचा आरसा खाली आला. मी पुन्हा एकदा सांगितली. तरीही तिला काही म्हणता आलं नाही.

सकाळी नळावर भेटली. ओठ सुजलेला होता आणि मनगटाला चिंधी बांधली होती. म्हणाली, दार लागलं, इस्त्री लागली. मी म्हटलं, एवढी धांदल करत जाऊ नकोस आणि पाठ होत नसेल तर सकाळी लवकर उठून म्हण, डोकं ताजं असतं. तिने भरलेली कळशी बाजूला ठेवली. मग म्हणाली, "काका, तुम्ही पुन्हा दार नाही ना वाजवलंत?" मी म्हटलं, नाही बाई, एकदा हसं झालं तेवढं पुरे. ती बरं म्हणाली.

फुटलेल्या आरशाचं काही वाईट तर नसेल ना? मनाला लागून राहिलं आहे.

दादा

तार. २४ फेब्रुवारी

तो पाठ नाही. ओळ सांगू नकोस. दार फोड. धाकटी

२४ फेब्रुवारी

दादा,

तार केली आहे, हे पत्र तिच्या मागून येईल.

त्या बाईला रोज मारतोय तो. तू भिंतीतून ओळी सांगतोयस आणि तो त्यावर मारतोय. ती तुला दाराबद्दल विचारत होती रे. एकदा तरी वाजवा, असं तिला म्हणायचं होतं. एवढं सरळ बोलता आलं असतं तर ती बोलली असती. आम्हाला कुणालाच येत नाही.

आम्हाला असं लिहिलं, आता खोडत नाही. मला सांगणारी बाई म्हणजे मीच. सव्वीस वर्षं. तू आलास की हे तुझी पिशवी उचलायला वेशीपर्यंत यायचे, आणि मी उन्हाळ्यातही लांब बाह्यांचं घालायचे. तू म्हणायचास, धाकटी थंडीला फार भिते. माझा उजवा कान तापाने गेला असं तुला सांगितलं होतं, तो तापाने गेलेला नाही.

हे वाचून रडत बसू नकोस. आधी दार.

धाकटी

३ मार्च, दवाखाना

धाकटे,

ती जिवंत आहे. हे आधी लिहितो, नाहीतर पुढचं वाचेपर्यंत तुझा जीव वर-खाली होईल. अक्षर डाव्या हाताचं आहे, सांभाळून घे. उजव्या हाताची बोटं चेचली आहेत, त्यातलं करंगळीजवळचं कापावं लागलं.

तुझी तार जेवणानंतर आली. आधी वाटलं, तारवाल्याने दुसऱ्या कुणाची आणून दिली. मग 'ओळ सांगू नकोस' हे वाचलं. ते मी तुझ्याशिवाय कुणालाच लिहिलं नव्हतं. मी खाटेवर बसलो. त्या भिंतीतून मी तिला काय काय सांगितलं होतं ते सगळं एकेक करून माझ्याच कानात वाजायला लागलं.

तेवढ्यात पलीकडे सुरू झालं. खुर्ची, मग मशीन. ती काहीच बोलत नव्हती. फिटर म्हणत होता, "बोल. म्हाताऱ्याला ऐकू जाऊ दे." मग त्याने आमच्या मधल्या भिंतीवर थाप मारली आणि हसत म्हणाला, "काका, सांगा हो पुढची ओळ. बाई विसरल्या."

मी भट्टीवरचा हातोडा काढला. तुला माहीत आहे, तो मी विकला नव्हता. दारापर्यंत गेलो आणि तुला खोटं सांगत नाही, कडीवर हात ठेवून थांबलो. पुन्हा तसंच निघालं तर? पुन्हा चहाची बशी पुढे केली तर? जीव जायची वेळ एका बाईची आणि मी नळावरच्या हसण्याचा विचार करत उभा. मग पलीकडे सगळं गप्प झालं. तू लिहिलं होतंस, गप्प झाली की घाबरायचं.

बाहेर जिन्यात मास्तर उभे होते, वर यायला निघालेले. शेजारच्या दोघी दारात. मास्तर म्हणाले, "हवालदार, आज रंगात आलंय हो." मी हातोडा बिजागरीवर घातला. दुसऱ्या घावाला दार आत पडलं.

ती जमिनीवर होती. तिचे केस त्याने शिवणयंत्राच्या चाकात गुंडाळले होते आणि एका पायाने यंत्र चालवत होता. डोकं चाकाशी ओढलं जात होतं, कपाळाजवळची कातडी केसांसकट सुटून आली होती. दुसरा गुडघा तिच्या छातीवर. हातात तिचीच लोखंडी इस्त्री. जबडा एका बाजूला सरकलेला. डोळे उघडे होते आणि ती पलंगाच्या पायाकडे बघत होती.

मी म्हटलं, "सोड." एवढंच सुचलं. पुस्तकात तो शब्द नाही.

त्याने इस्त्री फिरवली. माझा हात चौकटीवर होता, इस्त्री त्याच्यावर बसली. बोटांतून चिखलात पाय पडावा तसा आवाज आला. हातोडा पडला. तो दुसऱ्यांदा इस्त्री उगारतोय तोवर मी डाव्या हाताने हातोडा उचलून त्याच्या कोपरावर मारला. इस्त्री त्याच्याच पायावर पडली. तो माझ्या गळ्याला आला, मी गुडघ्यावर मारलं. तो बसला. मी खांद्यावर मारलं. जन्मभर लाल लोखंडावर मारत आलो, ते मऊ असतं, दाबलं की सरकतं. हाड तसं नसतं. ते एकदम जातं. तो 'काका, काका' म्हणायला लागला आणि डोळे मिटून घेतले. मी त्याच्याकडे बघून मारत होतो. पुढचा घाव डोक्यावर घालणार होतो, धाकटे. हात वर गेला होता. माझा पाय कुणीतरी धरला. ती होती. केस चाकात अडकलेलेच, आणि हात लांबवून माझा घोटा धरला होता. मग मास्तरांनी मागून मिठी मारली. ते रडत होते. "मी जिन्यात उभा राहून ऐकत होतो हो," एवढंच पुन्हा पुन्हा.

तिच्या डोक्याला टाके आहेत, जबडा तारेने बांधला आहे, एक बरगडी फुफ्फुसाला लागली होती. डॉक्टर म्हणतात, जगेल. फिटरचा हात आता सरळ व्हायचा नाही. तो पोलिसांच्या पहाऱ्यात याच दवाखान्यात आहे, वरच्या मजल्यावर. रात्रंदिवस माझं लक्ष छताकडे असतं. पोलिसांनी मलाही विचारलं, पुन्हा विचारणार आहेत. विचारू देत.

मला दुसरीच भीती आहे. त्याचं हाड मोडल्याचा आवाज आला तेव्हा मला बरं वाटलं. मास्तरांनी मला ओळखूनच मुकादम केलं होतं का?

आणि तुझं पत्र. ते उशीखाली आहे. त्याच्याबद्दल मला अजून लिहिता येत नाही. एकच विचारतो. तुझ्या भिंतीपलीकडे कोण राहायचं?

दादा

१२ मार्च

दादा,

एक स्टेशनमास्तर आणि त्याची बायको. चांगली माणसं होती. आमच्याकडे सुरू झालं की ते रेडिओ मोठा करायचे. त्या काळातली सगळी गाणी मला पाठ आहेत. अजून कुठे लागली की मी उठून दुसऱ्या खोलीत जाते.

तू मुकादम नाहीस. मुकादमाला बरं वाटल्याची भीती वाटत नाही. ह्यांना कधी वाटली नाही, मी जवळून पाहिलं आहे. आणि तू थांबलास. कुणी पाय धरल्यावर थांबणं सगळ्यांना येत नाही. मीही धरले होते पाय.

कडीवर हात ठेवून उभा राहिलास ते मनाला लावून घेऊ नकोस. उघडलीस ना शेवटी.

तिला माझा निरोप सांग. कानात शिटी वाजत असेल तर ती कमी होते, पण वेळ लागतो. हात बरा झाला की आधी नखं काढून घे, वाढली असतील. तुला स्वतःची काळजी सोडून सगळ्यांची असते.

धाकटी

१७ मे

धाकटे,

खटला उभा राहिला. फिटर आत आहे. मला सोडलं. मास्तर साक्षीला उभे राहिले आणि दात पडलेल्या तोंडाने अर्धा तास बोलले, न्यायाधीशांनी शेवटी पाणी दिलं. ती आता आमच्याच मजल्यावर टोकाच्या खोलीत राहते. नवीन मशीन घेतलं आहे, हातानं फिरवायचं. केस पुरुषासारखे कापले आहेत आणि वाढवणार नाही म्हणते.

काल मंडळ जमलं, त्या दिवसानंतर पहिल्यांदा. कुणी पुस्तक उघडेना. चष्मेवाला म्हणाला, हे सोडून नदीपारची घेऊ. मास्तर म्हणाले, मिशीवाल्यांची ही कादंबरी मी आता पेटीत घालून कुलूप लावणार आहे. तेव्हा ती म्हणाली, "शेवटचं प्रकरण राहिलंय." जबडा अजून पूर्ण उघडत नाही, शब्द घासत येतात. मास्तर म्हणाले, "बाई, नको." ती म्हणाली, "पट्टी कुठाय तुमची? अडखळले तर आपटा."

मला मुकादमाची वाक्यं म्हणायची होती. माझ्या तोंडून निघेनात. मी म्हटलं, पोरी, मला यातून सोडव. ती म्हणाली, "काका, तुम्ही नाही म्हणालात तर मी कुणाला बोलू?"

मग मी म्हटली. मान वर न करता म्हटली. आणि तिने दोन पानं बोलायला सुरुवात केली. हळू, एकेक शब्द चावून. मध्ये लाळ पुसावी लागत होती. "दगड फोडताना दगडाकडे बघतोस ना?" इथे थांबली. मास्तर खुर्चीतून अर्धे उठले. मी पुढची ओळ सांगितली नाही, धाकटे. ओठ शिवल्यासारखा बसून राहिलो. ती माझ्याकडे बघत राहिली, मी वर बघेपर्यंत. मग म्हणाली, "मग मारताना माझ्याकडे बघ." आणि शेवटपर्यंत गेली. चष्मेवाला चष्मा काढून बसला होता. पट्टी टेबलावर तशीच.

तू मिशीवाल्यांना खोटं म्हणालीस ते मी तिला आधीच सांगितलं होतं. वाचून झाल्यावर ती म्हणाली, "तुमच्या बहिणीला लिहा, काका. त्या म्हणतात तेच खरं, तेव्हा बोलता येत नाही. मिशीवाल्यांना ते माहीत असणार. म्हणून तर त्यांनी लिहून ठेवलं, नंतर कधी बोलता यावं म्हणून."

मी अडाणी माणूस, मला यातलं कळत नाही. तिने लिही म्हटलं, लिहिलं.

दादा

२८ मे

दादा,

तुझं पत्र आलं तेव्हा भर दुपार होती. मोलकरीण गेली होती. मी पुस्तक काढलं, सुटलेला पुठ्ठा दोऱ्याने बांधला आणि ह्यांच्या फोटोसमोर खुर्ची ओढून बसले. मुकादमाची वाक्यं म्हणायला कुणी नव्हतं, म्हणून ती मनात वाचली. मुकादमिणीची मोठ्याने म्हटली.

पहिलं पान हळू झालं. आवाजच फुटेना. दुसऱ्या पानाला काय झालं कोण जाणे, मी उभी राहिले. पानाकडे बघायची गरज नव्हती, लहानपणचं पाठ आहे. "माझ्याकडे बघ," असं मी इतक्या जोरात म्हटलं की फोटो खिळ्यावरून निसटला. काच सगळीकडे झाली. मी थांबले नाही. काचांवर उभी राहून शेवटची ओळ म्हटली, पाय कापला तेही नंतर कळलं.

तेवढ्यात दार वाजलं. वाजलं म्हणजे कुणीतरी दोन्ही हातांनी बडवत होतं. उघडलं तर शेजारी नवीन राहायला आलेली बाई. हात कणकेने माखलेले, हातात लाटणं, धापा टाकत उभी. माझ्या पायाखालचं रक्त बघून तिचे डोळे पांढरे झाले. "कोण आहे आत?" म्हणाली. "कोण मारतंय तुम्हाला?"

मी म्हटलं, कुणी नाही गं, पुस्तक वाचत होते. तिचा विश्वास बसला नाही. मला बाजूला सारून आत गेली, पलंगाखाली वाकून बघितलं, मोरीत बघितलं, लाटणं उगारूनच. मग मला खुर्चीत बसवून तिने माझ्या पायातली काच काढली.

जाताना ओशाळली. म्हणाली, "उगाच आले मी. हसाल मला."

मी तिला म्हटलं, पुन्हा असंच ऐकू आलं, तर पुन्हा अशीच ये.

धाकटी